पियानोची शिकवणी घराजवळ आणि सोयीच्या वेळी मिळावी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

बडोद्यात पियानो आणि की-बोर्ड शिकवणारी मंडळी आहेत आणि त्यांच्यातील कित्येक जण अतिशय तळमळीने शिकवतात. तरीही ज्याला हे वाद्य खरोखर शिकायचे आहे, अशा माणसाला आपल्या घरापासून बेताच्या अंतरावर आणि आपल्या नोकरी-व्यवसायाला जमेल अशा वेळी शिकवणारे कोणी सहजासहजी सापडत नाही. ओळखीपाळखीत विचारावे, कोणी एक नाव सुचवावे, तिथे चौकशी करावी आणि आठवड्यातील ठरलेल्या दोन दिवशी ठरलेल्या तासालाच यावे लागेल, असे उत्तर ऐकून परतावे, हा अनुभव माझ्यासह माझ्या परिचयातील अनेकांना आलेला आहे. हा प्रश्न थोड्या विचाराने आणि फारसा खर्च न करता सुटण्यासारखा आहे, असे मला मनापासून वाटते आणि म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम, शिकू इच्छिणारे कोण आहेत ते पाहू. बडोदे हे कारखान्यांचे शहर आहे. कोयलीची रिफायनरी, खत कारखाना, मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत, रेल्वे, लहानमोठी रुग्णालये या सर्व ठिकाणी हजारो माणसे पाळीत काम करतात. ज्याची एका आठवड्यात सकाळची पाळी असते आणि पुढच्या आठवड्यात रात्रीची, त्याला ‘मंगळवार-गुरुवार सायंकाळी सहा’ ही वेळ वर्षभर पाळता येणे शक्यच नसते. मी स्वतः अशाच नोकरीत आहे. दुसरा मोठा वर्ग निवृत्त मंडळींचा आहे. त्यांना दुपारचे अकरा ते चार हे तास मोकळे असतात आणि नेमके त्याच वेळी बहुतेक क्लास बंद असतात, कारण शाळेची मुले तेव्हा शाळेत असतात. तिसरा वर्ग घरी लहान मूल किंवा आजारी वडीलधारे असलेल्या गृहिणींचा. दहावी-बारावीच्या मुलांची अडचण आणखी निराळी: पाच-सहा वर्षे शिकलेले वाद्य ते परीक्षेच्या वर्षी केवळ वेळ जुळत नाही म्हणून सोडून देतात, आणि एकदा सुटलेला हात पुन्हा बसवणे किती कठीण असते हे कोणत्याही वादकाला विचारावे.

या सर्वांना आजची व्यवस्था सामावून घेत नाही, कारण ती मुख्यतः शाळकरी मुलांसाठी आणि ग्रेडच्या परीक्षांसाठी उभी राहिलेली आहे. तीन महिन्यांची फी आगाऊ, बॅच ठरलेली, चुकलेला तास बुडाला, आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा. एका क्लासमध्ये तर मला, मोठ्या माणसांना आम्ही घेतो पण त्यांनी मुलांच्या बॅचमध्येच बसावे, असे सांगण्यात आले. सात वर्षांच्या मुलाला आणि पंचावन्न वर्षांच्या माणसाला एकाच तासात पियानो शिकवता येत नाही. मुलाची बोटे लवकर वळतात, पण त्याला ताल समजावून सांगायला वेळ लागतो. मोठ्या माणसाला ताल, सूर, राग यांची जाण आधीपासून असते, मात्र त्याची अनामिका आणि करंगळी स्वतंत्रपणे उचलली जायलाच काही महिने जातात. दोघांचे धडे निराळे, दोघांचा वेग निराळा.

ही अडचण बडोद्यात असावी याचे मला विशेष वाईट वाटते. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली संगीतकार मौलाबक्ष यांच्या हाताखाली येथे गायनशाळा सुरू केली, तेव्हा संगीत हे घराण्याच्या उंबरठ्याबाहेर पडून सामान्य नागरिकाला शिकता यावे, हाच त्यामागचा हेतू होता. मौलाबक्ष यांनी त्यासाठी स्वतःची स्वरलिपी तयार केली. त्यांचे चिरंजीव अलाउद्दीन खाँ यांनी विलायतेत जाऊन पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतले. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली बडोद्यातच भरली, आणि त्या गायनशाळेची परंपरा आज महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या प्रयोगकला विभागात सुरसागराच्या काठी चालू आहे. हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य, दोन्ही संगीतांची पाच पिढ्यांपूर्वी ओळख झालेल्या या शहरात आज एखाद्या परिचारिकेला आपल्या सुटीच्या वारी पियानोचा एक तास मिळू नये, ही गोष्ट आपण स्वाभाविक मानून चालू नये.

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर सर्व काही शिकता येते, मग घराजवळच्या शिक्षकाचा एवढा आग्रह कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर वाद्याच्याच स्वभावात आहे. आपल्याकडील बहुतेक मराठी घरांतून येणारा विद्यार्थी पेटीवर हात बसवून आलेला असतो. पेटीत एक हात भात्यावर असतो आणि दुसरा पट्ट्यांवर, त्यामुळे डाव्या हाताला स्वतंत्र वाजवण्याची सवय कधीच लागत नाही. पेटीचा आवाज लहानमोठा होतो तो भात्याच्या दाबाने. पियानोत तो बोट पट्टीवर किती वेगाने पडते यावर ठरतो, कारण पट्टीमागची हातोडी तारेवर आघात करते आणि लगेच मागे हटते. पेटीत पट्टी दाबून धरली आणि भाता चालू ठेवला की सूर हवा तेवढा लांबवता येतो, पियानोचा सूर मात्र उमटल्या क्षणापासून विरू लागतो. म्हणून पेटीवर चांगला हात असलेला माणूस पियानोवर बसतो तेव्हा बोटे पट्ट्यांवर दाबून धरतो, मनगट ताठ करतो आणि थोड्याच वेळात त्याचा हात दुखू लागतो. साधी सा ते सा सप्तकाची चढण उजव्या हाताने वाजवायची, तर तिसऱ्या बोटानंतर अंगठा हाताखालून पुढे न्यावा लागतो आणि तसे करताना कोपर बाहेर फेकले जाऊ नये याकडे लक्ष ठेवावे लागते. ही गोष्ट चित्रफितीत पाहून कळते, परंतु आपले कोपर बाहेर गेले आहे हे आपल्याला स्वतःला कळत नाही. शेजारी बसलेला शिक्षक ते एका स्पर्शाने सुधारतो. पहिल्या काही महिन्यांत बसलेली चुकीची सवय पुढे काढून टाकण्यात वर्षे जातात, त्यामुळे निदान आरंभीच्या काळात तरी शिक्षक समोर असलाच पाहिजे.

आणखी एक मुद्दा येथे सांगितला पाहिजे. पेटीवर आपण सा कोणत्याही पट्टीवर धरतो. काळी दोन असो की पांढरी चार, गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सा सरकतो. पाच रेघांच्या स्वरलिपीत प्रत्येक रेघेचा सूर कायमचा ठरलेला असतो. सरगम तोंडपाठ असलेल्या प्रौढ विद्यार्थ्याला हा बदल समजावून देणारा शिक्षक मिळाला तर त्याचे आधीचे सर्व ज्ञान उपयोगी पडते, आणि तसा न मिळाला तर तेच ज्ञान पावलोपावली आडवे येते. आपल्या भागातील, आपली भाषा आणि आपले संगीत जाणणारा शिक्षक मला हवासा वाटतो, तो याच कारणासाठी.

ऑनलाइन शिक्षणाला माझा विरोध मुळीच नाही, त्याची जागा मात्र नीट ओळखली पाहिजे. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला जो क्षणाचा विलंब लागतो, त्यामुळे गुरू आणि शिष्य यांना एकत्र वाजवता येत नाही. शिवाय अशा संभाषणासाठी बनवलेली अॅप माणसाचा आवाज स्पष्ट ऐकू यावा म्हणून बाकीचे आवाज दाबतात, आणि पियानोचे रेंगाळणारे सूर त्यात कापले जातात. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद केली तर बराच फरक पडतो. मोबाईल समोर न ठेवता पट्ट्यांच्या बाजूला, थोड्या उंचीवर ठेवला तर शिक्षकाला दोन्ही हात आणि मनगटे दिसतात. आठवड्यातून एकदा समोरासमोर तास आणि मध्ये एकदा पंधरा मिनिटे ऑनलाइन तपासणी, अशी सांगड घातली तर पाळीत काम करणाऱ्या माणसाचे शिक्षण अखंड चालू शकते. पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पाणी भरले की शहराच्या पूर्वेकडचा माणूस पश्चिमेकडे जाऊ शकत नाही, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला आलेल्या पुरात काय हाल झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा दिवसांत तरी ऑनलाइन तास हा मोठाच आधार आहे.

आता शिक्षकांच्या बाजूने पाहू, कारण लवचीक वेळ मागणारे पालक आणि विद्यार्थी ही बाजू बहुधा विसरतात. पियानो शिक्षकाचे पोट तासांवर चालते. विद्यार्थ्याने ऐन वेळी ‘आज जमत नाही’ असा निरोप पाठवला की तो तास दुसऱ्या कोणाला देता येत नाही आणि त्याचे उत्पन्न बुडते. नवरात्रात तर नऊ रात्री सारे शहर गरब्याला जाते आणि संध्याकाळचे तास ओस पडतात. गौरी-गणपती, दिवाळी, उन्हाळ्याची सुटी हेही दिवस आहेतच. वर्षातील एवढे खाडे शिक्षकाने सोसावेत आणि तरीही आपल्या सोयीने वेळ बदलून द्यावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तीन महिन्यांची आगाऊ फी आणि ‘बुडाला तो बुडाला’ हा नियम काही शिक्षकांच्या हेकेखोरपणातून आलेला नाही. विद्यार्थ्यांच्या बेफिकिरीतून तो आला आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

म्हणूनच वेळेची लवचीकता ही दोघांनी मिळून, आधी बोलून आणि कागदावर लिहून ठरवण्याची गोष्ट आहे. माझ्या मते चार-पाच गोष्टी स्पष्ट असल्या की बहुतेक वाद मिटतात. पाळीत काम करणाऱ्याने महिन्याच्या सुरुवातीला आपले पाळीपत्रक शिक्षकाला द्यावे आणि त्यानुसार त्या महिन्याचे तास ठरवून घ्यावेत. ठरलेला तास बदलायचा असेल तर आदल्या दिवशी कळवावे. तसे कळवले तर तो तास पुढे मिळावा, न कळवल्यास पूर्ण फी द्यावी आणि त्याबद्दल कुरकुर करू नये. शिक्षकाला तास रद्द करावा लागला तर त्याने तो भरून द्यावा किंवा फी परत करावी. शिक्षकांनी आपल्या आठवड्यातील दोन-तीन तास कोणालाच कायमचे न देता फिरते ठेवावेत, म्हणजे बदललेले तास तेथे बसवता येतील. असे फिरते तास रिकामे जाण्याचा धोका शिक्षक पत्करत असल्यामुळे त्यांची फी थोडी अधिक असली तरी मला ती रास्त वाटते, आणि माझ्यासारखे अनेक जण ती आनंदाने देतील.

शिकवणीची जागा हा यातील सर्वांत अवघड भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत सोपा उपायही तेथेच आहे. मांजलपूरच्या शिक्षकाला समा भागात एक तास शिकवायला जायचे तर जाण्यायेण्यातच आणखी तासाहून अधिक वेळ मोडतो, मग घरी येऊन शिकवणे त्याला परवडणार कसे? त्याऐवजी शिक्षकाने वार आणि भाग यांची सांगड घालावी: एका वारी कारेलीबाग-वारसिया, दुसऱ्या वारी गोत्री-वासणा, तिसऱ्या वारी मांजलपूर-मकरपुरा. एका भागातील चार-पाच विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन शिक्षकाला एका दुपारचे किंवा संध्याकाळचे सलग काम दिले, तर त्याचा प्रवास एकदाच होतो आणि विद्यार्थ्यांना आपसांत तासांची अदलाबदल करता येते. एकाची पाळी बदलली तर दुसरा त्याच्या तासाला बसेल आणि शिक्षकाला काहीच तोशीस पडणार नाही. ज्यांना संध्याकाळी दूर जाणे सुरक्षित वाटत नाही अशा मुलींची आणि स्त्रियांची अडचणही यातून दूर होते. लहान मुलांच्या बाबतीत तास चालू असताना घरातील कोणी मोठे माणूस त्याच खोलीत किंवा उघड्या दाराशी बसलेले असावे, हा नियम शिक्षक आणि पालक दोघांनीही कसोशीने पाळावा.

मग वाद्याचा प्रश्न उरतो. खरा पियानो, म्हणजे तारांचा पियानो, प्रत्येक घरी असणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. त्यात ८८ पट्ट्यांसाठी सुमारे २३० तारा असतात आणि त्या सर्वांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. पावसाळ्यात हवेतील दमटपणाने आतील लाकडी फळी फुगते आणि सूर चढतात, कोरड्या दिवसांत ते उतरतात. म्हणून वर्षातून निदान दोनदा जाणकाराकडून सूर लावून घ्यावे लागतात. बाहेरच्या भिंतीला टेकवलेला किंवा एसीच्या झोतात ठेवलेला पियानो फार लवकर बेसूर होतो. त्या मानाने वजनदार, म्हणजे दाबताना खऱ्या पियानोसारख्या जड लागणाऱ्या, ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो शिकण्यासाठी पुरेसा आहे. त्याला सूर लावावे लागत नाहीत, आणि हेडफोन लावून रात्रपाळीहून आलेला माणूस पहाटेसुद्धा शेजाऱ्यांची झोप न मोडता रियाज करू शकतो. मात्र ६१ पट्ट्यांचा, हलक्या पट्ट्यांचा की-बोर्ड विकत घेऊन ‘पियानो शिकतो’ असे म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पट्टीला वजन नसेल तर बोटांत बळ येत नाही आणि खऱ्या पियानोवर बसताच सर्व शिक्षण पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. दुकानदार हे क्वचितच सांगतो. पैसे कमी असतील तर वापरलेला पण वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो शोधावा, आणि तो घेताना एकेक पट्टी हळू आणि जोरात वाजवून पाहावी.

ज्यांना तेवढाही खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी शहरातील मराठी मंडळांनी, वाचनालयांनी आणि सोसायट्यांच्या सभागृहांनी पुढे यावे. डांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत आपली अनेक सभागृहे आहेत आणि लग्नसराई व उत्सवांचे दिवस सोडले तर ती दुपारभर रिकामी असतात. अशा एका सभागृहात एक चांगला डिजिटल पियानो, हात सहज पट्ट्यांच्या पातळीत येईल असे उंची बदलणारे स्टूल आणि तास नोंदवण्याची एक वही, एवढीच सामग्री लागेल. विद्यार्थी त्या वहीत नाव लिहून अर्धा-अर्धा तास रियाज करतील, आणि शिक्षक ठरलेल्या वारी येऊन तेथेच शिकवतील. माफक वर्गणीतून देखभालीचा खर्च निघेल. व्यायामशाळा आणि वाचनालये आपल्या पूर्वजांनी याच पद्धतीने उभी केली आणि बडोद्यात ती शतकभर चालली. विश्वविद्यालयाच्या संगीत विभागानेही नोकरदारांसाठी सायंकाळी किंवा रविवारी पियानोचा अल्पमुदतीचा वर्ग चालवण्याचा विचार करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

परीक्षांविषयी थोडेसे. १८८९ साली स्थापन झालेल्या लंडनच्या असोसिएटेड बोर्डाच्या आणि ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडे अनेक मुले देतात, आणि त्या देणे चांगलेच आहे. असोसिएटेड बोर्डाच्या नेहमीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत १५० पैकी ९० गुण तीन रचनांना असतात, आणि उरलेले ६० सप्तकांचे सराव, न पाहिलेली स्वरलिपी वाचून वाजवणे आणि कानाची परीक्षा यांना. पुष्कळ ठिकाणी वर्षभर त्या तीन रचनाच घोटून घेतल्या जातात. मूल उत्तम गुणांनी उत्तीर्ण होते, पण चौथी रचना समोर ठेवली तर त्याला वाचता येत नाही. प्रौढ विद्यार्थ्याला बहुधा परीक्षा द्यायचीच नसते. त्याला दोन्ही हातांनी एखादे भावगीत नीट साथ करून वाजवायचे असते, किंवा आयुष्यभर ऐकलेली एखादी पाश्चात्त्य रचना स्वतःच्या हातून उमटलेली ऐकायची असते, आणि ही इच्छा परीक्षेइतकीच मानाची आहे. ज्यांना परीक्षा द्यायचीच आहे त्यांच्यासाठी २०२० पासून याच बोर्डाने चित्रीकरण पाठवून देता येणारी परीक्षाही सुरू केली आहे. त्यामुळे परीक्षेच्या तारखेसाठी सर्वांचे वेळापत्रक बांधून ठेवण्याची पूर्वीइतकी गरज आता राहिलेली नाही.

शिक्षक निवडताना पदवी आणि प्रमाणपत्रे जरूर पाहावीत, पण त्याआधी फी देऊन एक तास शिकून पाहावा. त्या तासात शिक्षक विद्यार्थ्याच्या हातांकडे पाहतो की केवळ पुस्तकाकडे, चुकलेला भाग सावकाश आणि एकेका हाताने वाजवायला लावतो की पहिल्यापासून पुन्हा सुरू करायला सांगतो, स्वतः वाजवून दाखवतो का, आणि पुढच्या वेळेपर्यंत घरी नेमके काय करायचे हे सांगतो का, एवढ्यावरून बरेच कळते. विद्यार्थ्यानेही रोज पंधरा-वीस मिनिटे बसण्याची तयारी असेल तरच शिक्षकाचा वेळ घ्यावा. आठवड्याला एकदाच, शिकवणीच्या तासालाच पियानो उघडणाऱ्याला कितीही सोयीची वेळ दिली तरी त्याचा हात बसणार नाही.

संपादक महोदय, या पत्राच्या निमित्ताने आपल्याला एक विनंती करते. आपल्या शहर पुरवणीत महिन्यातून एकदा संगीत शिक्षकांसाठी एक लहानसे सदर ठेवावे आणि त्यात शिक्षकाचा भाग, कोणत्या वारी व कोणत्या वेळी तास मोकळे आहेत, घरी येऊन शिकवतात की स्वतःच्या घरी, मोठ्या माणसांना शिकवतात की नाही, आणि कोणत्या भाषेत शिकवतात, एवढीच माहिती विनामूल्य छापावी. शिक्षकांचे पत्ते व दूरध्वनी न छापता इच्छुकांची पत्रे आपल्या कार्यालयामार्फत त्यांच्याकडे पोचवता येतील. ज्या सभागृहांच्या चालकांना आपली जागा दुपारी देणे शक्य आहे त्यांनीही या सदरात कळवावे, आणि ज्यांच्या घरी मुले परदेशी गेल्यामुळे डिजिटल पियानो बंद पडून आहे त्यांनी तो अशा जागेसाठी देण्याचा विचार करावा. दिवाळीच्या सुटीनंतर बहुतेक शिक्षक आपले वेळापत्रक नव्याने बांधतात, तेव्हा हे सदर त्याआधी सुरू होऊ शकले तर शिक्षकांना आणि आमच्यासारख्या शिकू इच्छिणाऱ्यांना ते वेळेवर उपयोगी पडेल.

आपली विश्वासू,
एक वाचक
कारेलीबाग, बडोदे